जुने बग रिपोर्ट बॉटकडून सरसकट बंद करून घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की छोट्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पात चारशे जुने बग रिपोर्ट, म्हणजे लोकांनी कळवलेल्या चुकांच्या नोंदी, साचलेत, वर्षभर हालचाल नसलेले बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लावून बंद करू का. नका करू.

माझे बाबा गिरगावात डीटीपीची कामं घ्यायचे. २०१६ साली एका ट्रेकिंग ग्रुपची पुस्तिका आली. स्क्रीनवर सगळं ठीक होतं, पण पीडीएफ केल्यावर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं. सह्याद्रीच्या वर्णनात पानोपानी समुद्र! पाचशे प्रती बाबांनी पदरचे पैसे घालून पुन्हा छापल्या. ज्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये पुस्तिका केली होती, त्याच्या प्रकल्पात त्याच रात्री मी बग नोंदवला. आवृत्ती, फॉन्ट, नमुना फाइल, सगळं दिलं. खाली एकाने ‘माझ्याकडेही हेच होतंय’ एवढं लिहिलं. त्यानंतर कोणीच काही बोललं नाही. दीड वर्षाने बॉटचा मेल आला, सात दिवसांत बंद करतोय म्हणून. घरात गणपती होते, मी मेल उघडलाच नाही. बग बंद झाला.

पुढे मी त्याच प्रकल्पात काम करू लागले आणि पहिल्यांदा तोच बग हातात घेतला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ‘ऱ’ हा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा सुटा होऊ शकतो. पीडीएफच्या कोडमध्ये तो सुटा होऊन नुक्ता गळत होता. कोणत्या बदलापासून बिघडलं ते गिट बायसेक्टने काढलं, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी (कमिट) मधोमध तपासत जाणाऱ्या साधनाने. दर वेळी निम्मे कमिट बाद होतात, त्यामुळे हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्या पुरतात. एक रविवार गेला. दुरुस्ती चार ओळींची होती.

आमचे एक मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) तेव्हाही म्हणायचे आणि अजून म्हणतात, “महत्त्वाचं असेल तर लोक पुन्हा नोंदवतील.” नाही नोंदवत. बाबांनी नाही नोंदवलं, त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर विकत घेतलं. गप्प बसलेला माणूस म्हणजे बग गेला, असं होत नाही.

तुम्ही रिपोर्ट वयानुसार लावू नका, सॉफ्टवेअरच्या भागानुसार लावा: छपाईचे एकीकडे, फॉन्टचे एकीकडे. एका भागाचे वीस सलग वाचले की डुप्लिकेट आपोआप दिसतात. चालू आवृत्तीवर करून बघा आणि काय दिसलं ते तिथेच लिहा. माहिती कमी असेल तर आधी माणसाला नेमकं विचारा. लाँचपॅड या बग नोंदवायच्या साइटवर ‘अपूर्ण’ ठरवलेला बग ६० दिवस उत्तर आलं नाही तर बाद होतो, ते मला पटतं, कारण तिथे आधी कोणीतरी वाचून तसं ठरवलेलं असतं. कोड ठेवायच्या गिटहब साइटवरच्या स्टेल अ‍ॅक्शन या बॉटची मूळ सेटिंग अशी आहे: ६० दिवस हालचाल नसली की इशारा, आणि वर ७ दिवसांनी बंद. त्यात रिपोर्ट कोणी वाचलाय की नाही, हे बघितलंच जात नाही.

हां, सुरक्षेचे बग यात धरू नका, ते आधी आणि खाजगीत. काढून टाकलेल्या फीचरचे बेलाशक बंद करा. आणि तुम्ही एकटेच असाल तर चारशे वाचून होणार नाहीत, तेव्हा उघडे राहू द्या. मोठा आकडा दिसला म्हणून काही बिघडत नाही.

माझ्या त्या बगसाठी मी नवा इश्यू (नोंद) न काढता जुनाच उघडला आणि दुरुस्ती तिथेच जोडली. ‘माझ्याकडेही’ लिहिणाऱ्याला सूचना गेली, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तो काठमांडूचा निघाला. नेपाळीतही ‘गऱ्यो’ लिहायला हेच अक्षर लागतं, आणि इतकी वर्षं तो प्रत्येक पीडीएफ हाताने दुरुस्त करत होता.