फवारणी करणाऱ्याचा हक्क अंगठा घेऊन बुडत नाही

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दिघ्याला राहता, वडील मुरबाड तालुक्यात भेंडीच्या वाडीवर रोजंदारीने जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये मुकादमाने त्यांच्या पाठीवर औषधाचा पंप चढवला. ना मास्क, ना हातमोजे. दुपारपर्यंत तोंडातून लाळ, डोळ्यांपुढे अंधारी. पाच दिवस दवाखान्यात आणि पुढे दीड महिना घरी. मालकाने ७,००० रुपये देऊन ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर त्यांचा अंगठा घेतला. आता तो म्हणतो, ‘तो मुकादमाचा माणूस, आणि शेतमजुराला कसला आलाय कायदा!’

कायदा आहे, आणि त्यात फवारणीचं नाव घेतलेलं आहे.

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, शेतात कीटकनाशकांची फवारणी किंवा धुरळणी करणाऱ्यांची स्वतंत्र नोंद आहे. अधूनमधून कामाला येणाऱ्या मजुरांना पूर्वी या कायद्यातून वगळण्याची वाट होती, ती २००० च्या दुरुस्तीने बंद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. पण वडिलांना विषबाधा झाली त्याआधी, म्हणून दावा जुन्या कायद्यानेच करायचा.

इथे मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं दाखवलं की पुरे. ‘मास्क दिला होता, यांनीच घातला नाही’ असं तो म्हणेल. मास्क खरोखर दिला होता आणि वडिलांनी तो जाणूनबुजून टाळला, हे मग त्याने दाखवायचं. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकरवी करून घेतलं तरी कलम १२ प्रमाणे भरपाई मालकाकडे मागता येते. मुकादमाकडून ती वसूल करायची की नाही, हा त्या दोघांचा प्रश्न.

त्या अंगठ्याची धास्ती सोडा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दबातल ठरतो, मग त्यावर सही असो वा अंगठा.

तुम्ही कीटकनाशक कायद्याबद्दलही विचारलंय. १९७१ च्या नियमांत औषध हाताळणाऱ्याला, म्हणजे फवारणाऱ्यालासुद्धा, संरक्षक कपडे, श्वसनाचं साधन आणि प्रशिक्षण मिळावं असं लिहिलं आहे. पण १९६८ च्या मूळ कायद्याचं कलम ३८ स्वतःच्या लागवडीखालच्या जमिनीवर औषध वापरणाऱ्याला सूट देतं, आणि मालक पहिल्याच तारखेला त्याच्या आड उभा राहील. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, तरीही ही पळवाट तशीच राहिली याचा मला मनापासून संताप येतो. विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८६ खाली गुन्हा आहे, त्याची तक्रार पोलिसांत वेगळी देता येईल. तरी माझा सल्ला असा, की तुमची ताकद आधी भरपाईच्या दाव्यावर लावा.

पैशांचं बोलू. तात्पुरत्या असमर्थतेसाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के मिळतात. मजुरी महिना १२,००० धरली तर दीड महिन्याचे ९,००० होतात. रक्कम मोठी नाही, हे मी लपवणार नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मात्र याशिवाय मालकाकडून मिळतो, म्हणून औषधाच्या दुकानाची चिटोरीसुद्धा टाकू नका. भरपाई एका महिन्याच्या आत दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागतं आणि हे दावे ऐकणारे भरपाई आयुक्त ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात.

दवाखान्यातून केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि रक्ततपासणीचे अहवाल यांच्या प्रती आजच मागा. तुम्ही लिहिलेला ‘ऑर्गनोफॉस्फरस’ (कीटकनाशकांचा एक विषारी गट) हा शब्द त्यांत दिसला पाहिजे. औषधाची बाटली वाडीवर सापडली तर उघड्या हाताने उचलू नका, लेबलचा आणि त्यावरच्या रंगीत चौकटीचा फोटो काढा. लाल चौकट सगळ्यात जहाल विषाची, त्याखालोखाल पिवळी. त्या दिवशी सोबत असलेल्या दोघा मजुरांची नावं-पत्ते लिहून ठेवा.

दावा ठाण्याच्या कामगार न्यायालयात, भरपाई आयुक्तांपुढे चालेल. मुदत घटनेपासून दोन वर्षांची, म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत. पण तोवर साक्षीदार पांगतील, म्हणून थांबू नका. तुम्ही ठाकर समाजाच्या, म्हणजे अनुसूचित जमातीच्या. तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जातीचा दाखला घेऊन ठाण्यात कोर्टनाक्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय, की वडिलांच्या पायांना अजून मुंग्या येतात आणि पंप उचलवत नाही. माझ्या लेखी सगळ्या पत्रात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची. अशा विषाने नसांना इजा होऊ शकते. ती कायमची आहे आणि कमाईची ताकद अमुक टक्के घटली असं डॉक्टरांनी प्रमाणित केलं, तर हिशेब पंधरवड्यांचा राहत नाही. तो वय आणि मजुरी धरून एकरकमी होतो, नऊ हजारांच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून वकिलाच्याही आधी, याच आठवड्यात, वडिलांना सरकारी रुग्णालयात मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा, आणि हे फवारणीनंतर सुरू झालं असं केसपेपरवर लिहून घ्या.