एका मिलिसेकंदात पुटिका पडद्याला कशी जुळते?

तुमचा प्रश्न असा: चेतापेशीच्या टोकात कॅल्शियम शिरल्यावर मिलिसेकंदाच्या आत चेताप्रेषक (पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन) पुटिकेतून, म्हणजे तो साठवणाऱ्या इवल्या पिशवीतून, बाहेर पडतो, मग तेवढ्यात पुटिकेला पेशीच्या पडद्याशी जुळवणारी इतकी प्रथिनं एकमेकांना शोधून जुळतात कधी?

त्या क्षणी ती शोधत बसतच नाहीत. खो-खोतला उकिडवा बसलेला गडी आठवा. पाय रोवलेले, नजर पुढे. खो मिळाला की नुसतं उठायचं. पुटिकेचं हे असं बसणं म्हणजेच 'प्रायमिंग', आणि खरं काम तिथेच उरकलेलं असतं.

पुटिका जेमतेम ४० नॅनोमीटरची. तिच्यावर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन असतं. समोर पेशीपटलावर, म्हणजे पेशीच्या पडद्यावर, सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५ ही प्रथिनं. पण सिन्टॅक्सिन एरवी मिटलेलं असतं, मंक१८ हे आणखी एक प्रथिन त्याला धरून ठेवतं. मंक१३ हे प्रथिन आलं की सिन्टॅक्सिन उघडतं. मग तिघांचे धागे पिळाच्या दोरीसारखे गुंफू लागतात: सिन्टॅक्सिन आणि सिनॅप्टोब्रेव्हिनचा एकेक, स्नॅप-२५ चे दोन, एकूण चार. ही गुंफण पडद्यांपासून लांबच्या टोकाकडून सुरू होते आणि पडद्यांकडे सरकते, बॅगेची चेन ओढावी तशी. दोन्ही पडद्यांवर ऋण भार, मध्ये पाण्याचा थर, त्यामुळे ते आपणहून जवळ येत नाहीत. त्यांना ओढून आणतो तो हा पीळ.

पीळ किती घट्ट, ते मी एमएस्सीला असताना चुकून पाहिलं. तिन्ही प्रथिनांचं मिश्रण जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) चढवताना एक नळी उकळायची राहून गेली. त्यात एसडीएस होतं, म्हणजे भल्याभल्या प्रथिनांची घडी विस्कटणारा साबणच. तरी त्या रकान्यात वर जाडसर पट्टी तशीच! उकळलेल्या रकान्यात मात्र तिन्ही सुटी. पेशीला उकळता येत नाही, म्हणून काम झाल्यावर हा पीळ सोडवायला एनएसएफ नावाचं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करतं.

पण पीळ अर्ध्यावर थांबतो कसा? सिनॅप्टोटॅग्मिन आणि कॉम्प्लेक्सिन ही दोन प्रथिनं तिथे चिकटून असतात. कॅल्शियम सिनॅप्टोटॅग्मिनला बसलं की ते पडद्यात रुततं, उरलेली चेन लागते, पडदे एक होतात. (पुटिका 'फुटते' असं अनेकजण लिहितात. फुटत नाही, पडद्यात मिसळते.) कॉम्प्लेक्सिनला नुसता ब्रेक म्हणणं मला पटत नाही. ते नसलेल्या उंदरांच्या चेतापेशींत चेताप्रेषकाचा झटपट होणारा स्राव वाढत नाही, उलट घटतो. म्हणजे गड्याला दाबून धरणाराच त्याला नीट बसवतोही.

नुसतं पडद्यापाशी पोचणं आणि तयार असणं यांत फरक आहे, हे धनुर्वाताच्या विषाने छान दिसतं. ते फक्त सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं. १९९४ साली स्क्विडच्या, म्हणजे आपल्याकडच्या माकुळाच्या, महाकाय सायनॅप्समध्ये (दोन चेतापेशींच्या सांध्यात) हे विष सोडून पाहिलं. स्राव बंद पडला, पण पडद्याला टेकलेल्या पुटिका कमी झाल्या नाहीत, वाढल्या. येऊन बसत होत्या, उठता येत नव्हतं.