शाळा चाळीमागची की चेंबूरची?

प्रश्न : बाई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. मागच्याच गल्लीत अनुदानित मराठी शाळा आहे, हे तिथेच शिकले. पण आमच्या मजल्यावरची तीन मुलं व्हॅनने चेंबूरच्या इंग्रजी शाळेत जातात. हे म्हणतात जवळची घेऊ. मला धास्ती वाटते, पोर मागे पडली तर?
– एक आई

उत्तर : तुमची धास्ती मला कळते. परळच्या शाळेत मी 31 वर्षं शिकवलं. 1982च्या गिरणी संपानंतर घरं विकून माणसं विरार-कल्याणला गेली आणि पहिलीच्या तीन तुकड्यांची एक झाली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तरीही माझा कौल मागच्या गल्लीला.

26 जुलै 2005ची दुपार सांगते. हिंदमाताला पाणी चढत होतं, वर्गात 40 मुलं, फोन बंद. पाचच्या सुमारास मंडळाची पोरं दहीहंडीचा दोर घेऊन आली. दोराला धरून एकेक चाळ करत त्यांनी मुलं पोचवली. कुठल्या मुलाचं दार कुठलं, हे त्यांना मला विचारावं लागलं नाही. लांबच्या शाळांतली कितीतरी मुलं त्या रात्री वर्गातच झोपली.

मात्र यजमान तिथे शिकले एवढ्यावर नाव घालू नका. आधी मुख्याध्यापकांना विचारून तासभर वर्गात बसून या. तिसरीतल्या मुलाला धडा वाचायला सांगा. अडखळत का होईना, वाचतो का? गणिताला सेमी इंग्रजी कितवीपासून, तेही विचारा. इंग्रजी विषय तर मराठी शाळेत 2000 सालापासून पहिलीलाच आहे. तिसरीतल्यांना वाचताच येत नसेल, तर माझा कौल विसरा आणि जवळचीच दुसरी शाळा बघा.

आणि नाव घातलंत तर शाळा व्यवस्थापन समितीत उभ्या राहा. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. आमच्याकडे मुलींच्या संडासाची कडी दोन वर्षं तुटलेली होती, ती समितीतल्या एका आईनेच बसवून घेतली.

त्या तीन मुलांच्या आयांशीही गॅलरीत उभ्या राहून बोला. व्हॅन सकाळी किती वाजता येते, मूल परत कधी येतं, डबा उरतो का, संध्याकाळी खाली खेळायला उतरतं का. काय म्हणतात ते मला कळवा.