पंचनामा झाला, पण यादीत नाव नाही – आता काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासरेबुवांची गोदाकाठी साडेतीन एकर जमीन, त्यात दोन एकर सोयाबीन आणि दीड एकर लाल कांदा. सप्टेंबर २०२५च्या शेवटी गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी शेतात आलं, विहीर गाळाने भरली. पंचनामा झाला, सही घेतली, पण यादीत नाव नाही. शेजाऱ्याला पुराच्या मदतीचे पैसे मिळाले, आपल्याला का नाही, कुणी नीट सांगत नाही. शिवाय मिळालेच तर बँक कर्जात वळते करेल, ही भीती.

आधी एक गोष्ट. यादीत नाव नाही म्हणजे मदत नाकारली असं नव्हे. दहातल्या आठ वेळा कागदात कुठेतरी गाठ बसलेली असते. सरकार पैसे देतं ते शेतातल्या नुकसानीकडे बघून नाही, तर नोंदीकडे बघून. हे मी स्वतः हात पोळून शिकलोय. २०२२च्या खरिपात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, मीच केली. वडील म्हणाले होते सोयाबीन टाकायचं, मी ओट्यावर बसून सगळ्या गटाला सोयाबीन लावून मोकळा झालो. नंतर अर्ध्यात कांदा लागला. पाऊस झाला, पंचनामा करणाऱ्यांनी शेतात जे दिसलं ते लिहिलं, कांदा. सातबाऱ्यावर सोयाबीन. फाइल अडकली ती अडकलीच, आणि त्यात दोष माझाच होता.

म्हणून पहिलं काम, आजच ताजा सातबारा काढा आणि तीन गोष्टी बघा. पिकाची नोंद शेतात होतं तेच आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, आणि विहिरीची नोंद आहे का. तुमच्या बाबतीत मला या विहिरीचीच जास्त शंका येते. जुन्या विहिरी बऱ्याचदा सातबाऱ्यावर नसतातच. मग दोन नुकसानं होतात. विहीर खचली किंवा गाळाने भरली तर राज्याच्या ऑक्टोबर २०२५च्या मदत पॅकेजमध्ये विहिरीमागे ३०,००० रुपये आहेत, ते हातचे जाऊ शकतात. आणि पाण्याचं साधन कागदावर नाही म्हटल्यावर कांद्याचं रान जिरायत धरलं जायची भीती.

हा फरक छोटा नाही. आकडे मांडून दाखवतो. केंद्राच्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना, म्हणजे आपल्याकडे द्राक्षबागांना, २२,५०० रुपये. राज्याने त्यावर रब्बीच्या बियाणे-खतासाठी हेक्टरी १०,००० जाहीर केले, म्हणून वर्तमानपत्रात १८,५००, २७,००० आणि ३२,५०० असे आकडे आले. एकर म्हणजे ४० आर, शंभर आरचा एक हेक्टर. तुमचं सोयाबीन ८० आर, म्हणजे १४,८०० रुपये. कांदा ६० आर, बागायत धरला तर १६,२०० आणि जिरायत धरला तर ११,१००. एका नोंदीत ५,१०० रुपये गेले. रब्बीचे दहा हजार वेगळ्या हप्त्याने येतात, त्यामुळे खात्यावर पहिली रक्कम कमी दिसली तर लगेच भांडायला जाऊ नका. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान हवं ही अट आहेच, पण पाण्याखाली गेलेल्या शिवारात त्यावर सहसा वाद होत नाही.

आता गाळ. पन्नास वेळा सांगून झालंय तरी लोक गोंधळतात. हेक्टरी ४७,००० आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत, हे खरडून गेलेल्या जमिनीसाठी. ज्याच्या बांधापासून माती वाहून मुरूम उघडा पडला, त्याच्यासाठी. तुमच्याकडे उलटं आहे, माती येऊन बसली. त्याचा निकष वेगळा, तीन इंचांपेक्षा जास्त थर असेल तर हेक्टरी १८,००० आणि तोही अल्पभूधारकाला, म्हणजे एकूण दोन हेक्टरच्या आत. साडेतीन एकर म्हणजे १.४० हेक्टर, सासरेबुवा त्यात बसतात, जर त्यांच्या नावावर दुसरीकडे जमीन नसेल तर. अल्पभूधारक दाखला काढून ठेवा. गाळ अजून हलवला नसेल तर फूटपट्टी उभी रोवून फोटो घ्या, मागे ओळखू येईल असं काहीतरी दिसू द्या, विजेचा खांब, विहिरीचं तोंड, काहीही. आमच्या गावात एकाने पायाचा घोटा गाळात बुडवून फोटो काढला होता. साहेब म्हणाले, घोटा कुणाचाही असू शकतो.

नाव का नाही, हे शोधायचा क्रम असा. पंचनामा तिघांचा असतो, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), ग्रामसेवक आणि कृषी सहायक. यादी अपलोड होते तहसीलला. त्यामुळे तलाठ्याकडे “आमचे पैसे कुठे” विचारू नका, “आमचा गट नंबर पंचनाम्याच्या यादीत कितव्या ओळीत आहे” असं विचारा. ओळ आहे पण पुढे गेली नाही, तर आधार, नाव किंवा खात्याचा घोळ. ओळच नाही, तर पंचनामा कागदावर चढलेला नाही. मग तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज, सोबत सातबारा, आठ-अ (खातेउतारा), फोटो, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का. शिक्क्याशिवाय परत येऊ नका, तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही.

सातबारा सामाईक असेल, म्हणजे सासरेबुवा आणि त्यांचे भाऊ, तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. आणि खातेदार वारले असतील तर वारस नोंद आधी. निम्म्या फायली इथेच लटकतात, घरातल्या घरात. वाट्याने कसणाऱ्याचे हाल याहून वाईट, पैसे सातबाऱ्यावरच्या मालकाला जातात, आणि मालकाने समजून दिले तर दिले.

फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, निघालाय का तेही बघा. तो असेल तर वेगळी ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) नको, असं सरकारने या वेळी सांगितलं. नसेल तर यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यावा लागतो. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नाहीत, मातीत काम करून बोटं गुळगुळीत झालेली असतात. हात धुऊन, कोरडे करून, दुसरं बोट लावून बघा.

पैसे जातात आधार जोडलेल्या खात्यात, पासबुक दिलेल्या खात्यात नव्हे. माझे वडील तीन आठवडे “आले नाहीत, आले नाहीत” करत होते. निघाले कधी काळी उघडलेल्या जनधन खात्यात, ज्याचं पासबुक पत्र्याच्या पेटीत तळाशी. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडली आहे ते पाच मिनिटांत कळतं.

बँकेचं म्हणाल तर मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं की या रकमेतून कर्जवसुली करू नये. त्या पानाची प्रत घेऊन शाखेत जा आणि लेखी द्या. शाखाधिकारी आवाज चढवतात, कागद बघितला की उतरवतात. कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारतील, तर व्याज सवलतीचं काय होईल हे विचारल्याशिवाय सही करू नका.

कांदाचाळीत साठवलेला जुना कांदा भिजला असेल तर त्यावर मात्र आशा ठेवू नका. निकष उभ्या पिकाचे आहेत.

वाफसा, म्हणजे नांगरण्याजोगी ओल, आल्याशिवाय ट्रॅक्टर घालू नका, ओल्या गाळात नांगर घातला की ढेकळं होतात आणि हंगामभर फुटत नाहीत. उळे, म्हणजे कांद्याचं बी, घेणार असाल तर पक्की पावती घ्या. पुरानंतर ओळखीतून मिळालेलं स्वस्त उळं उगवलं नाही की विचारायला कुणी सापडत नाही.

सातबारा काढलात की विहिरीची नोंद आहे की नाही, तेवढं इथे लिहा. गट नंबर, आधार टाकू नका. अर्जात काय लिहायचं ते त्यावर ठरेल, मजकूर मी करून देतो.