साडेपंधरा टक्के धरून चालायचं का?

प्रश्न : दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रकमेची गुंतवणूक) २० वर्षं करायची आहे. एजंट सांगतात, १९७९ मध्ये सेन्सेक्स १०० होता, मार्च २०२५ अखेर ७७,४१५. म्हणजे वर्षाला साडेपंधरा टक्के. निवृत्तीसाठी १ कोटीचं गणित यावर मांडू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हिशोब बरोबर आहे, पण भविष्याचं गणित त्यावर मांडू नका. सेन्सेक्स प्रसिद्ध होऊ लागला १९८६ मध्ये. १०० चा पाया मागे जाऊन १९७८-७९ ला ठरवलेला. तिथून एप्रिल १९९२ च्या ४,४६७ च्या उच्चांकापर्यंत निर्देशांक वर्षाला सुमारे ३४ टक्क्यांनी वाढला. त्या उच्चांकापासून मार्च २०२५ पर्यंत मोजा, दर येतो ९ टक्के. दोन्हींत लाभांश धरलेला नाही. ऐन शिखरापासून मोजणं हेही एक टोकच आहे, पण एप्रिल २००३ मध्ये, ११ वर्षांनंतरही, सेन्सेक्स ३,००० च्या आसपासच होता. शिवाय ४६ वर्षांत २० वर्षांचे स्वतंत्र तुकडे दोनच पडतात. दोन नमुन्यांवरून तिसरा कसा सांगणार? जपानच्या निक्केई या शेअर निर्देशांकाला डिसेंबर १९८९ चा उच्चांक ओलांडायला २०२४ उजाडलं.

म्हणून एकच दर न धरता तीन धरा. तुमचे २४ लाख ८ टक्क्यांनी सुमारे ५९ लाख होतात, १० ने ७६ लाख, १२ ने १ कोटी. ८ टक्क्यांतही कोटी हवेत, तर हप्ता १६,९०० च्या आसपास लागेल. एवढा आज झेपत नसेल तर पगारवाढीबरोबर दरवर्षी वाढवत न्या. महागाई ६ टक्के राहिली, तर त्या कोटीची किंमत आजच्या ३१ लाखांएवढी असेल, हेही ध्यानात ठेवा.

शेवटच्या टप्प्याकडे फार दुर्लक्ष होतं. १४ जानेवारी ते २३ मार्च २०२० या काळात सेन्सेक्स ४१,९५२ वरून २५,९८१ वर आला. त्याच महिन्यात पैसे काढावे लागले असते तर? सोळाव्या वर्षापासून दरवर्षी थोडी थोडी रक्कम मुदत ठेवीत किंवा अल्प मुदतीच्या डेट फंडात (कर्जरोख्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडात) हलवा.

प्रश्न : पी/ई (शेअरची किंमत कंपनीच्या प्रति शेअर नफ्याच्या किती पट आहे ते गुणोत्तर) जास्त दिसला की एसआयपी थांबवावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नको. २०२१ च्या सुरुवातीला निफ्टीचा पी/ई ४० च्या घरात होता, कारण करोनात कंपन्यांचा नफा आटला होता. नफा सावरला आणि बाजार त्या वर्षी चढलाच. चढ्या पी/ईला पुढच्या दहा वर्षांची अपेक्षा कमी ठेवा. पुढच्या वर्षाबद्दल तो काही सांगत नाही.