स्कायरिम आता घ्यावा का? मित्र म्हणतो स्टोरीत दम नाही

प्रश्न इतकाच आहे की स्कायरिम हा ड्रॅगन-तलवारींचा कॉम्प्युटर गेम इतक्या वर्षांनी घ्यावा का आणि त्यात चांगलं-वाईट काय, पण शेवटी तुम्ही 'मित्र म्हणतो स्टोरीत दम नाही' हे जोडलंत ना, तिथे मी अडकले. तुमचा मित्र भांडुपचा आहे का हो? कारण हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून दर राखीला ऐकते, ओवाळून होईपर्यंतसुद्धा थांबत नाही तो.

गोष्ट २०१३ च्या मे महिन्यातली. गेम २०११ च्या नोव्हेंबरात आलेला, पण तो चालेल असं मशीन आमच्याकडे व्हायला दीड वर्ष गेलं. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं, कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढून तिथे टेबल फॅन लावला, नाहीतर वीस मिनिटांत बंद पडायचं. आई म्हणायची, त्या डब्याला वारा आणि आम्ही घामाने निथळतोय.

आता मी खेळत होते म्हणजे काय, तर भटकत होते. पहिला ड्रॅगन मारला, व्हाइटरन शहराच्या यार्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, मला थेन हा मान दिला, सोबत लिडिया नावाची रक्षक दिली (तिला मी हमालासारखं वापरलं, आणि ती ते बोलूनही दाखवते), पाच हजार नाण्यांत स्वतःचं घर घेतलं आणि त्या घरात चीजची चाकं साठवायला लागले. टेबलावर, जमिनीवर, पलंगावर, सगळीकडे चीज. का ते विचारू नका. डोंगरावरच्या म्हाताऱ्यांनी अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी हाक मारलेली असते, त्यांच्याकडे सात हजार पायऱ्या चढून जायचं आणि मग खरी स्टोरी सुरू होते. मी गेलेच नाही.

त्याऐवजी उत्तरेच्या बर्फातल्या किनाऱ्यावर चालत राहिले आणि एका रात्री एक दीपगृह दिसलं. फ्रॉस्टफ्लो नाव. कुणी पाठवलेलं नाही, सहज दार उघडलं तर आत एका बाईचं प्रेत. मग एकेका खोलीत वह्या सापडत जातात, नवरा-बायको आणि दोन मुलं तिथे राहायला आलेली, नवरा जुना खलाशी, आणि तळघराखालच्या गुहेतून किड्यांसारखे राक्षसी प्राणी वर आलेले. त्या खलाशाची इच्छा एवढीच असते की मेल्यावर आपल्याला दीपगृहाच्या आगीत ठेवावं, समुद्र दिसत राहील. खाली गुहेत जाऊन सगळ्यात मोठा किडा मारला की त्याच्या पोटात त्या खलाशाचे अवशेष मिळतात. गेम तुम्हाला 'हे वर घेऊन जा' असं सांगत नाही. मी नेले, आगीत ठेवले, आणि बदल्यात काय, तर बरं करणारे मंत्र दहा टक्के जास्त चालतात. मंत्र मी वापरतच नव्हते. पण पहाटे दोनला बाहेर टेबल फॅनचा आवाज आणि हेडफोनमध्ये ते वारं, मी बराच वेळ काही न करता तिथे वर उभी होते. एफ ५ दाबलं, म्हणजे क्विकसेव्ह, एका बटणात सेव्ह, आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही लग्नाला चिपळूणला, दादा क्लासचं कारण सांगून घरी. चार दिवसांनी परत आले तर साहेब म्हणाले, संपवला मी तुझा गेम, स्टोरी एकदम फालतू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुन्या आवृत्तीत क्विकसेव्हची जागा एकच असायची, गेम आपोआप करतो त्या ऑटोसेव्हच्या तीन, तेच फिरून फिरून वापरले जायचे, आणि कॅरेक्टर कुणाचं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दादाने नवा गेम सुरू करून चार दिवस एफ ५ बडवलं. माझं घर, चीज, दीपगृह, सगळं गेलं. मी स्वतः नीट सेव्ह केलेली एकच फाइल उरली होती, रिव्हरवुड या सुरुवातीच्या गावातली, लेव्हल ६. तो आजही म्हणतो की मी फक्त एफ ५ दाबलं, तू नीट सेव्ह का नाही केलंस. आणि आईसुद्धा त्याच्या बाजूने!

बरं, तुमचा प्रश्न. स्टोरी कच्ची आहे हे खरंय, दादाला सांगू नका. जग बुडणार म्हणून सगळे ओरडतात आणि तुम्ही सहा महिने फुलपाखरं पकडा, ड्रॅगन थांबतो. यादवी युद्धात शहरावर हल्ला म्हणजे मोजून मूठभर सैनिक. जादूच्या कॉलेजात दोन-चार मंत्रांच्या जोरावर तुम्ही प्रमुख होऊन बसता, आमच्या कॉलेजात साधं हॉल तिकीट मिळायला त्याहून जास्त खेटे घालावे लागायचे. तलवारबाजी तर अशी की समोरच्याला लागतंय की हवेत फिरतेय कळत नाही, म्हणून शेवटी सगळेच अंधारात लपून धनुष्य मारत बसतात. थडग्यांमध्ये तेच तेच गोल फिरवायचं दार, आणि त्याचं उत्तर चावीवरच कोरलेलं. आवाज तर मोजकेच, दहा गावांत तोच माणूस बोलतोय असं वाटतं.

पण लांबचा डोंगर दिसला की खरंच तिथे जाता येतं, जे वापराल तेच कौशल्य वाढतं, संगीत आजही ऐकते मी लोकलमध्ये, आणि कुठल्याही झोपडीत दीपगृहासारखं काहीतरी निघू शकतं. दादाने चार दिवसांत मुख्य रस्ता धरला आणि थेट शेवटच्या स्टेशनला उतरला, मधलं काही बघितलंच नाही. त्याला दीपगृह विचारलं तर म्हणतो, कुठलं दीपगृह? मग अशा माणसाने मत कशाला द्यायचं? तुमच्या मित्रालाही हेच विचारा, किती तास खेळलास. तीस-चाळीस म्हणाला तर विषय सोडा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. मी लेव्हल ६ पासून पुन्हा खेळले आणि दीपगृहातही गेले. या वेळी कुठे काय आहे माहीत होतं, झटपट उरकलं, काहीच वाटलं नाही. म्हणून घेतलात तर यूट्यूबवर गाईड बघू नका, आणि हे दीपगृहाचं मी आत्ता सांगून टाकलं त्याबद्दल सॉरी.

घ्यायचा तर २०१६ ची स्पेशल एडिशन घ्या, ६४ बिट आहे, म्हणजे जास्त मेमरी वापरू शकते, मॉड (लोकांनी बनवलेले फेरबदल) टाकले तरी जास्त सोसते, आणि सेव्ह कॅरेक्टरप्रमाणे वेगळे दिसतात, म्हणजे घरात भाऊ असला तरी चालेल. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० च्या वर नेऊ नका, गेममधली टेबलावरची भांडी उडायला लागतात. लढाईची मजा हवी असेल तर मात्र हा गेम तुमच्यासाठी नाही, हे आधीच सांगायला हवं होतं.