तारीख चुकली, वॉरंट निघाले, आता काय?

प्रश्न : मारहाणीच्या एका खटल्यात मी जामिनावर आहे. मागच्या तारखेला तापामुळे न्यायालयात जाता आले नाही आणि वकिलांनाही वेळेत कळवले नाही. माझ्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघाल्याचे आता समजते. पुढच्या तारखेपर्यंत ते आपोआप रद्द होईल का? माझा आत्येभाऊ मला जामीन राहिला आहे; त्याला काही त्रास होईल का?

उत्तर : वॉरंट आपोआप रद्द होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ नुसार ज्या न्यायालयाने ते काढले तेच ते रद्द करेपर्यंत, किंवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते अमलात राहते. त्यामुळे पुढच्या तारखेची वाट पाहणे धोक्याचे आहे. पोलीस आधीच दारात येऊ शकतात. वकिलांमार्फत प्रकरण लवकर बोर्डावर (न्यायालयाच्या त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीवर) घ्यावे, स्वतः हजर राहावे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह द्यावा. आरोपी आपणहून आला आणि कारण खरे वाटले, तर न्यायालय बहुधा समज देऊन किंवा थोडा खर्च बसवून वॉरंट रद्द करते. पकडून आणलेल्या आरोपीकडे मात्र ते वेगळ्या नजरेने पाहते, आणि ते स्वाभाविकही आहे.

आत्येभावाची काळजी रास्त आहे. आपण हजर न राहिल्याने जामीनपत्राचा भंग झाला असे न्यायालयाला वाटल्यास कलम ४९१ खाली जामीनदाराला नोटीस निघते आणि लिहून दिलेली रक्कम भरा किंवा का भरू नये ते सांगा, असे विचारले जाते. रक्कम वसूल झालीच नाही, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याचा आदेशही होऊ शकतो. तथापि, कारणे नोंदवून रकमेचा काही भाग माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, म्हणून नोटीस आल्यास त्याने गप्प बसू नये.

पुरेशा कारणाशिवाय तारीख चुकवणे हा जामिनावरील आरोपीसाठी स्वतंत्र गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कारण पुरेसे होते हे आरोपीनेच सिद्ध करायचे असते. तापाच्या दिवसांतील औषधांच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवाव्यात. प्रकरण आणखी लांबले आणि आरोपी दडून बसला असे न्यायालयाला वाटले, तर उद्घोषणा (हजर होण्याचा जाहीर आदेश) आणि मालमत्तेची जप्ती या पायऱ्या येतात. आपले प्रकरण तिथवर गेलेले नाही.

यापुढे अडचण आल्यास वकिलांना त्याच सकाळी कळवून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली हजेरी माफीचा अर्ज द्यायला सांगावे. (खटला १ जुलै २०२४ पूर्वीच सुरू झाला असेल, तर त्याच्या कामकाजाला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे लागू राहतात, तरतुदी बऱ्याच अंशी त्याच आहेत.) असा अर्ज दर वेळी मंजूर होईलच असे नाही, आणि आरोप निश्चितीच्या किंवा आरोपीच्या जबाबाच्या तारखेला तर तो न टाकलेलाच बरा.